गोठ्यातली मोपेड

आमच्या घरी बैलांची एक जोडी होती आणि ती काहीच काम करत नव्हती. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. तक्रारीचा हक्क मायचा होता आणि तिनं तो कधी वाया जाऊ दिला नाही. आमचं वावर भाड्याच्या ट्रॅक्टरनं नांगरलं जायचं, कापूस दुसऱ्याच्या गाडीतून घरी यायचा, आणि आमचे दोन्ही बैल, एक पांढरा आणि एक तांबडा, गोठ्यात उभे राहून सरकी ढेप खात हा सगळा कारभार बघत असायचे. कारण ते पटाचे बैल होते.

पट म्हणजे शंकरपट. पिकं निघाली, जत्रेचे दिवस आले की मोकळ्या रानात शेजारी-शेजारी दोन धावपट्ट्या आखायच्या, हलक्या छकडीला जोडी जुंपायची आणि घड्याळ लावून पळवायची. बाबांनी आपली हयात त्यात घातली. पटाच्या बैलाला कामाला जुंपायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. एकदा ओझं ओढायची सवय लागली की बैल पळणं विसरतो, असं ते म्हणायचे. दुसरा नियम, पटाच्या आधी जोडीला पुरता आराम. गोठ्यातून काढायची नाही, रोज मालिश करायची, अंगावर झूल टाकायची आणि खुराक वाढवायचा. मैदानावर न्यायचीही टेम्पोतून, म्हणजे पायांना शीण नको. ढेप आणून घालायचं काम मायकडे. तिनं मात्र पट कधी पाहिला नव्हता. आमच्याकडच्या बायका तिकडे जात नसत, आणि तिला तेवढी उसंतही नव्हती. "पुढल्या जल्मी मले या घरात बैल म्हनून आन रे देवा," ती म्हणायची, "बायको म्हनून नोको."

मग शर्यतींवर बंदी आली. बाबांनी जोडी विकली नाही, खुराकही कमी केला नाही. फक्त ते स्वतः गप्प झाले. जत्रेचे दिवस आले की गोठ्यात बाज टाकून, रस्त्याकडे पाठ करून पडून राहायचे. कोणी हाक मारली तर "डोकं दुखून राह्यलं" म्हणायचे. आमच्या बाबांचं डोकं उभ्या जन्मात कधी दुखलं नव्हतं. दुसऱ्यांचं दुखवणं हेच त्यांचं काम. त्यांना असं पडलेलं पाहिलं की मला फार वाईट वाटायचं, आणि मला वाईट वाटलं की राग येतो. मी तेव्हा मलकापुरात एका बी-बियाण्यांच्या दुकानात कामाला होतो, तिथंच खोली करून राहायचो. सुट्टीला गावी आलो की बाबांशी कशावरून तरी भांडण उकरून काढायचो. निदान तेवढा वेळ तरी ते उठून बसायचे.

आमचं गाव मोताळ्याच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या जवळ. तिथून आणखी पुढं, नाला ओलांडून चढावर एक वस्ती आहे. माय त्या वस्तीवर अंगणवाडी सेविका. एसटी तिकडे कधी वळलीच नाही, म्हणून मायकडे एक मोपेड होती, पायडल मारून सुरू होणारी, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी. मी शाळेत असल्यापासूनची ती गाडी. तिच्यावरून मायनं पोषण आहाराची पोती नेली, खेळणी नेली, गोळ्यांचे खोके नेले आणि दर महिन्याला लेकरांचं वजन करायचा काटा नेला. गाडी आता पार झिजली होती. चढावर धूर जास्त आणि चाल कमी. शेवटच्या वळणावर माय खाली उतरायची आणि चालू इंजिनाच्या गाडीला धरून तिच्या बाजूनं चालायची. "ते बी थकली, मी बी थकली," म्हणायची. "दोघी मिळून पोचतो."

तर त्या वर्षी हिवाळ्यात, जत्रेच्या तोंडावर, बाबांचा मला दुकानात फोन आला. बाबा कधी आपण होऊन फोन करत नसत. मी घाबरून बाहेर येऊन उभा राहिलो.

"तुह्यं वजन किती हाये बे?" त्यांनी विचारलं.

झालं होतं असं की गावच्या पोरांनी ठरवलं, पटाचं मैदान नुसतं पडून राहण्यापेक्षा तिथं मोपेड पळवू. फक्त पायडलच्या जुन्या मोपेड, बाकी काही चालणार नाही. इंजिनात काय करायचं ते ज्याचं त्यानं करावं. बाबांनी आधी त्या पोरांना यथेच्छ शिव्या घातल्या. मग मैदान तरी नीट आखतात का, हे बघायला म्हणून गेले. आणि परत आले ते मायच्या गाडीभोवती फेऱ्या मारतच. जोडी विकत घेताना जनावराभोवती मारतात तशा.

माझ्या वजनाविषयी सांगायचं तर मी घरातला सगळ्यात किरकोळ माणूस. लहानपणापासून बाबा माझ्याकडे बघून उसासे टाकायचे. बैलांना घालून उरलेला खुराक मलाही देऊन पाहिला, पण अंगी लागला नाही. पंचविशी उलटल्यावर पहिल्यांदा माझ्या हडकुळेपणाचा या घराला उपयोग होणार होता. फोनवर बाबांच्या आवाजात जे कौतुक होतं, तसं मी दहावी पास झालो तेव्हाही नव्हतं.

सुट्टीला घरी आलो तर प्रश्न एकच उरला होता, मायचा. ती भाकरी थापत होती आणि बाबा उंबऱ्यावर बसून इंजिनाविषयी बोलत होते. बोर, म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी, घासून मोठा केला की ताकद वाढते, गाडी नवी होते, चढावर उतरावं लागणार नाही, हे तुझ्याच भल्याचं आहे, वगैरे. मायला ते इंजिनाचं काही ऐकू येत नसावं. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. किती दिवसांनी ते तोंड असं हललं होतं. मीही तेच बघत होतो.

"बिघडली तं?" तिनं विचारलं.

"कायले बिघडते?"

"सोमवारी वजनाचा दिवस हाये. जत्रेच्या दुसऱ्या दिशी. सकायी सकायी गाडी मले दारात पाह्यजे."

वजनाच्या दिवशी मायला उशीर चालत नसे. वस्तीवरच्या बाया उजाडताच हरभऱ्यात नाही तर कापूस वेचायला निघायच्या, लेकरांना सोबत घेऊन. त्याआधी पोचलं तर वजन व्हायचं, नाही तर ते महिनाभर राहायचं. आणि या वेळी तिचा जीव एका लेकरात अडकला होता. ते कित्येक महिने वजनाच्या तक्त्यावर लाल पट्ट्यात, म्हणजे फार कमी वजनाच्या लेकरांत, होतं. माय त्याच्या आईच्या मागं लागून, रागावून, स्वतः चमच्यानं भरवून त्याला वर आणत होती. या वजनाला ते लालातून बाहेर येईल अशी तिला आशा होती. घरी रोज जेवताना ती त्याची बातमी सांगायची, आम्हाला ते नातलगासारखं झालं होतं.

"आन नाही आली गाडी, तं मी सोता पोचवीन तुले," बाबा म्हणाले.

"कशावर?"

"पोचवीन म्हनलं नं!"

मायनं पिठाच्या हातानंच कोनाड्यातली चावी काढून त्यांच्यासमोर ठेवली. मोपेडचा पट आठवडाभरावर आला होता. तेवढे दिवस ती वस्तीवर पायी जाणार होती. याबद्दल ती काही बोलली नाही आणि बाबांनी विचारलं नाही. मला दोघांचाही राग आला.

मलकापुरात स्टँडच्या रस्त्याला एक बोरिंगचं दुकान होतं. चालवणारे चाचा ट्रॅक्टरची, पंपाची, मोटारसायकलींची इंजिनं घासून देत. बाबा गाडी टेम्पोत घालून घेऊन आले, मी दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा काढून गेलो. चाचांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि हातातलं काम खाली ठेवलं.

"भाऊ! पांढरा-तांबडा जोडीवाले ना तुम्ही?" ते म्हणाले. "एक पट नाही चुकवला मी तुमचा. कसम से."

झालं. त्या दोघांचं असं जमलं की मी आणि गाडी तासभर नुसते उभे. कोणत्या साली कोणती जोडी झेंडी पडताच कशी फुटली, कोणत्या बैलानं शेवटच्या टप्प्यात मान कशी टाकली, सगळं झालं. चहा दोनदा झाला. मग चाचांनी इंजिन उघडलं, सिलिंडर काढून उजेडात धरला, आत बोट फिरवलं, माप लावलं आणि गंभीर झाले.

"भाऊ, याच्यात आधीच बोर मारेल हाये. आता मारला तं आखरी. याच्यावरचा पिस्टन भेटत नाही, आन भिंतीत बी जागा राहत नाही. याच्यापुढं बिघाड झाला तं गाडी भंगारात."

"छाती रुंद झाली तं दम वाढते का नाही?" बाबांनी विचारलं.

"वाढते. पन छाती रुंद केली की बरगडी पातय होते, भाऊ."

बाबांनी सिलिंडर हातात घेऊन फिरवून पाहिला. मला वाटलं नाही म्हणतील. मी नाही म्हणावं अशी इच्छा करत होतो, कारण मला मायचं वळणावर उतरून चालणं दिसत होतं. पण मी बाबांच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि मीच म्हणालो, "मारा चाचा."

सिलिंडर मशीनवर बसवला. पाती हळूहळू फिरत खाली उतरत गेली आणि बिडाच्या लोखंडाचा काळा बारीक चुरा खालच्या पत्र्यावर पडत गेला. मला वाटलं होतं मोठा आवाज होईल, ठिणग्या उडतील. तसलं काही नाही. विहिरीत पोहरा सोडावा इतक्या सावकाश चाललेलं काम. बाबा मशीनच्या अगदी जवळ स्टुलावर बसले होते, आणि पाती आत गेली की त्यांचा श्वास थांबायचा. बोर झाला, मग रॉकेल सोडत दगड फिरवून आतून घासलं. भिंतीवर तिरक्या बारीक रेघा उमटल्या. या रेघांत ऑइल धरून राहतं, चाचांनी सांगितलं. मग धूर बाहेर जायचं भोक गोल कानशीनं वरच्या बाजूला थोडं वाढवलं, म्हणजे इंजिन जास्त वेगानं फिरेल, आणि त्याच्या धारदार कडा घासून बोथट केल्या. वरच्या झाकणाचा थोडा थर काढला. एवढं सगळं करायला संध्याकाळ झाली. माझी अर्ध्या दिवसाची रजा केव्हाच संपली होती.

शेवटी चाचांनी सिलिंडर उभा धरला आणि नवा पिस्टन, त्याच्या रिंगा न घालता, बाबांच्या हातात दिला. "सोडा यात. ढकलायचा नाही." बाबांनी सोडला. पिस्टन आपल्या वजनानं खाली जाऊ लागला, कुठं न अडकता, कुठं न निसटता. बाबांच्या चेहऱ्यावर काय आनंद होता ते सांगता येत नाही.

"जीव हाये याच्यात," ते म्हणाले.

"हाये ना. आता माह्यी गोष्ट ध्यानात ठेवा," चाचा म्हणाले. "नवा बोर म्हंजे नवे जोडे. पहिले चावतात. पिस्टन आन भिंत, दोघाईले एकमेकाची सवय होऊ द्या. रोज फिरवा, हयू-हयू. वहिनीले जाऊ द्या याच्यावर वस्तीवर. मंग खुशाल पयवा."

"हाव, हाव," बाबा म्हणाले. पण त्यांचं लक्ष पिस्टनकडे होतं. गाडी जोडून झाली, एकदा सुरू करून पाहिली, आणि बाबांनी ती चालवत न नेता पुन्हा टेम्पोत चढवली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण उशीर झाला म्हणून शेटजींच्या शिव्या खायला मी दुकानाकडे पळत सुटलो होतो.

पुढं घरात काय झालं ते मला नंतर मायनं सांगितलं. गाडी गोठ्यात गेली. पांढऱ्या बैलाच्या शेजारी जी जागा रिकामी होती, तिथं बाबांनी तिला उभी केली, खाली पोतं अंथरलं, वरून पटाची झूल टाकली. सकाळ-संध्याकाळ ते तिला तेलाचं फडकं मारत. बैलांना अळशी घालायची वेळ झाली की बाबांना गाडीही दिसायची, म्हणून ते पेट्रोलच्या टाकीत ऑइलची आणखी एक धार सोडत. माय म्हणाली, "अवो, चाचानं फिरवाले सांगलं ना?" यावर बाबांनी तिला पटातलं काय कळतं असं विचारलं. पटाच्या आधी कोणी जोडी फिरवतं का? थकवायची आहे का तिला? मग माय रोज काट्याकुट्यांच्या पायवाटेनं वस्तीवर चालत गेली आणि गाडी गोठ्यात आराम करत राहिली.

जत्रेच्या दिवशी मी मलकापुराहून थेट मैदानावर पोचलो. दोन्हीकडे माणसं दाटली होती. पोरांनी मोपेडींना काय काय केलं होतं, कोणी मडगार्ड काढले होते, कोणी सीट. आमची गाडी टेम्पोतून उतरली ती हँडलला फुलांचा हार, टाकीला गुलाल आणि पुढच्या चाकाच्या काट्याला घुंगरू बांधून. लोक हसले, पण बाबांना बघून त्यांनी वाटही करून दिली. जुने पटशौकीन येऊन बाबांच्या पाठीवर थाप मारत होते. चाचाही आले होते, मलकापूरहून मुद्दाम. बाबा ताठ उभे होते. त्या एका क्षणासाठी मी ते मैदान विकत घेतलं असतं.

माझा नंबर आला. मी सीटवर बसून रेषेवर उभा राहिलो, पायडल मारून इंजिन सुरू केलं. धूर इतका निघाला की शेजारच्या धावपट्टीवरचा गडी खोकायला लागला. तरी आवाज मात्र गोड होता, मोठा आणि घट्ट. बाबा माझ्या कानाशी वाकले.

"एक दिवस बी काढली नाही गोठ्यातून," ते अभिमानानं म्हणाले. "पुरा आराम देल्ला. ताजीतवानी हाये."

मी वळून त्यांच्याकडे बघतोय तोवर झेंडी पडली.

खरं सांगतो, अर्ध्या मैदानापर्यंत ती गाडी अशी पळाली की मी ओरडलो. चाचांनी केलेलं सगळं, तो रुंद बोर, ते वाढवलेलं भोक, माझ्या मांड्यांखाली जिवंत झालं होतं. डोळ्यांत पाणी येत होतं. घुंगराचा नुसता एक सलग आवाज होत होता. मागून बाबांचा आवाज आला, "पयव बे! पयव!" शेजारचा गडी मागं पडला. आणि मग इंजिनाचा सूर जरासा आखडला, चरचर झालं आणि एकदम सगळं गप्प.

पिस्टन तापून फुगला आणि नव्या भिंतीत घट्ट बसला. मोपेडचं बरं असतं, इंजिन थांबलं तरी चाकं फिरत राहतात. मी तसाच घुंगरं वाजवत, बिनआवाजी पुढं जात राहिलो. वेग कमी होत गेला, शेजारचा पुढं निघून गेला, आणि शेवटचा टप्पा मी सायकलसारखे पायडल मारत पार केला. मैदान हसून हसून लोळलं. कोणीतरी माझ्यावरही गुलाल टाकला. घड्याळवाल्यानं वेळ सांगितली आणि त्यावर दुसरा हशा पिकला.

बाबा धावत आले नाहीत, चालत आले. बैल पडला तर आधी बरगडीवर हात ठेवून बघतात, तसा त्यांनी त्या तापलेल्या सिलिंडरवर सबंध पंजा ठेवला. मी ओरडेपर्यंत तो भाजला होता. त्यांनी हात काढून घेतला. चाचांनी पायडल मारून पाहिलं, इंजिन फिरेना. "फिरवली नव्हती?" त्यांनी हळूच मला विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. चाचा बाबांना काहीच बोलले नाहीत, आणि त्यासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.

गाडीचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे जीव टांगणीला राहणार नाही. चाचांनी पुढच्या आठवड्यात पिस्टन सोडवला. भिंतीला खोल ओरखडा पडलेला नव्हता. पिस्टनचं वितळलेलं तेवढं चिकटलं होतं, ते त्यांनी बारीक पेपरनं घासून काढलं आणि पिस्टनही ठीक केला. मग मायनं ती गाडी महिनाभर वस्तीवर नेली-आणली, हळूहळू, जशी ती नेहमी चालवायची. बाबा तिला गोठ्याच्या दारातून जाताना-येताना ऐकत. आता ती चढावर अशी चढते की माय म्हणते, मलाच सोडून जाईल एखाद्या दिवशी. पण हे सगळं नंतरचं. त्या रात्री गाडी गोठ्यात मुकी उभी होती आणि उद्या सोमवार होता.

 मायनं बाबांच्या तळव्याला हळद-तेल लावून चिंधी बांधली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. बाबा जेवले नाहीत.

सकाळी मी उठलो तेव्हा माय तयार होऊन दारात उभी होती. स्वेटर घातलेला, खांद्याला पिशवी आणि पिशवीत वजनाचा काटा. चांगलीच थंडी होती. शेजारचा पोरगा मोटारसायकल घेऊन आला, "काकू, सोडून देतो," म्हणाला. मीही म्हणालो, जा ना, उशीर होईल. ती हलेना.

"ज्यानं सबद देल्ला, तोच नेईन," ती म्हणाली.

मला तिचा भयंकर राग आला. त्या माणसाचं काल एवढं हसं झालं, आता त्यात आणखी हे कशाला? आणि तिकडं बाया निघून जातील, ते लेकरू महिनाभर तसंच राहील, ते कशाला? मी तिच्याशी तावातावानं बोलत असताना गोठ्याचं दार उघडलं.

बाबा छकडी ओढत बाहेर आले. ती ठेवून परत आत गेले आणि जोडी घेऊन आले.

आम्ही सगळे बघतच राहिलो. या जोडीच्या मानेवर पटाशिवाय कधी जू आलं नव्हतं. बाबांनी चिंधी बांधलेल्या हातानं दोघांना जुंपलं. पटाच्या छकडीत धुरकऱ्यापुरतीच, म्हणजे हाकणाऱ्यापुरतीच, जागा असते, तीही कशीबशी टेकायची. बाबा पुन्हा आत गेले, मोपेडवरची झूल काढून आणली, तिच्या घड्या घालून छकडीवर अंथरली आणि हातानं दाबून पाहिली.

"बस," ते मायला म्हणाले.

माय बसली. मागं दांडीवर टेकायला थोडी जागा होती. "तू बी चढ," बाबा मला म्हणाले, "तुह्यं काय वजन हाये." तेवढ्यातही त्यांना ते सुचलं.

गावातून निघालो तेव्हा लोक दारात येऊन उभे राहिले. बैलांना चालणं माहीत नव्हतं. जुंपलं म्हणजे सुटायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. ते सारखे उसळत होते आणि बाबा दोन्ही कासरे ओढून धरत होते, भाजलेल्या हातानं. "हयू बेटा, हयू," असं पुटपुटत होते. दोन्ही बाजूला हरभऱ्यावर दव होतं. नाला ओलांडला. वर वस्तीचे धूर दिसायला लागले, आणि चढावरच्या वाटेनं दोन-तीन बाया डोक्यावर फडकी बांधून निघताना दिसल्या.

"चालल्या त्या," माय म्हणाली. "अशानं आपन जाऊन फायदा नाही."

"मंग काय करू?"

"पयवा."

बाबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "तू बसेल हायेस ना मागं."

"म्हनून तं सांगून राह्यली," माय म्हणाली. पिशवी तिनं पोटाशी घट्ट धरली होती. "इतकी वर्सं ढेप मी घातली. एकडाव मले बी पाहू द्या यायले पयतांनी. पयवा!"

बाबांनी कासरे ढिले सोडले आणि ते ओरडले. बंदी आल्यापासून मी त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता. घशातून नाही, बेंबीपासून येणारा. जोडी फुटली. मी दांडीला दोन्ही हातांनी लटकलो. खालून खडे उडत होते, छकडी एका चाकावर होत होती, आणि माय ओरडत होती. मला आधी वाटलं घाबरली. ती हसत होती. ज्या वळणावर ती रोज उतरून चालायची ते वळण केव्हा मागं गेलं ते कळलंसुद्धा नाही. चढावरच्या बाया वाट सोडून बाजूला झाल्या आणि मग आमच्या मागं वस्तीकडे परत पळत यायला लागल्या, लेकरांना कडेवर घेऊन.

अंगणवाडीच्या पुढं बाबांनी जोडी थांबवली. दोन्ही बैलांच्या नाकातून वाफ निघत होती. माय उतरली, केस सारखे केले, पदर नीट केला, पिशवीतला काटा काढून पाहिला. मग तिनं पांढऱ्याच्या आणि तांबड्याच्या मानेवरून एकदा हात फिरवला. बाबांच्या हाताची चिंधी सुटली होती, तीही बांधून दिली.

"दुपारी घ्याले या," ती म्हणाली आणि आत गेली.

मी बाहेर उभा राहून दारातून बघत होतो. ते लेकरू काट्यावर चढलं, रडलं, उतरलं, आणि मायनं तक्त्यावर खूण केल्यावर त्याच्या आईला जवळ ओढलं. ते लालातून बाहेर आलं होतं. मी हे बाबांना सांगायला वळलो. मला वाटलं होतं, ते घरी जाऊन दुपारी परत येतील. बाबा गेलेच नाहीत. त्यांनी जोडी सोडून निंबाखाली बांधली होती, झुलीनं त्यांचा घाम पुसला होता, आणि दाराकडे तोंड करून ते दुपार व्हायची वाट बघत बसले होते.